सहापर्यंत फोन आला नाही तर...

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात दोन प्रकारची माणसं असतात. 'या वीकेण्डला फक्त झोपणार' असं जाहीर करणारी, आणि डेस्कखाली सकाळपासून सॅक लपवून बसलेली. या सॅकवाल्यांमध्येही हल्ली एक पोटजात तयार झालीय. त्यांना ग्रुप नको, बसमधल्या अंताक्षऱ्या नकोत, दर वळणावर 'सगळे आले का रे?' नको. पाच दिवस कॉल, मीटिंग आणि टार्गेट, मग शनिवारी पुन्हा चाळीस अनोळखी लोकांबरोबर कळसूबाईच्या शिडीला रांग लावायची? छे! त्यापेक्षा एकट्याने एसटी पकडावी, पायथ्याच्या गावात चहा मारावा आणि निघावं.

मी याच पोटजातीतली. त्यामुळे 'एकटीने डोंगरात जाऊ नये गं' हे वाक्य मी आईपासून आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. त्यातलं निम्मं असतं, "एकटी? आणि घरचे सोडतात?" त्यावर बोलायचं तर वेगळा कॉलम लागेल. उरलेलं निम्मं मात्र मुलगा-मुलगी बघत नाही. आणि त्यात तथ्य आहे, फक्त लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात.

एकट्याने ट्रेक म्हटलं की लोकांना पहिला आठवतो बिबट्या. मग साप. मग चोर. मग (आवाज हळू करून) 'तिथलं काहीतरी'. बॉस, एकट्या ट्रेकरचा खरा शत्रू यांच्यापैकी कुणीच नाही. त्याचं नाव आहे वेळ. तुम्हाला काहीतरी झालंय हे दुसऱ्या कुणाला तरी कळेपर्यंत जाणारा वेळ.

मुरगळलेल्या पायाचं गणित

साधं उदाहरण घेऊ. उतरताना घसाऱ्यावरून पाय सरकला आणि घोटा मुरगळला. ग्रुपमध्ये असाल तर काय होईल? पहिली दोन मिनिटं सगळे हसतील. मग कुणीतरी क्रेप बँडेज काढेल, कुणी तुमची सॅक घेईल, दोघं खांदा देतील. रात्री उशिरा घरी पोचाल आणि सोमवारी ऑफिसात लंगडत, भाव खात फिराल. विषय संपला.

तोच घोटा, तीच जागा, पण तुम्ही एकटे. आता चालता येत नाही. दुपारचे तीन वाजलेत. बाटलीत अर्धा लिटर पाणी आहे. मोबाइलला रेंज नाही. डिसेंबर असेल तर सहाच्या सुमारास सूर्य मावळणार, आणि दरीत त्याच्याही आधी अंधारणार. घोटा तेवढाच सुजलाय, पण ज्याच्यावर हसलो असतो तीच गोष्ट आता जिवावर येऊ शकते. जुने ट्रेकर 'किमान चौघं हवेत' म्हणतात ते काही उगाच नाही. एकाला लागलं तर एक जण त्याच्याजवळ बसतो आणि दोघं मदत आणायला जातात. तुम्ही एकटे असता तेव्हा पेशंटही तुम्ही, सोबतीही तुम्ही आणि मदत आणायला जाणारेही तुम्हीच. तिन्ही कामं एकदम होत नाहीत.

उन्हाळ्यात हे गणित आणखी वाईट. मार्चनंतर गडावरची कित्येक टाकी आटतात, जी उरतात त्यातलं पाणी पिण्यासारखं असेलच असं नाही. ऊन लागलं की आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग विचारच धड सुचत नाही. आणि आपलं डोकं चालत नाहीये हे स्वतःला कळत नाही, ते शेजारच्याला दिसतं. शेजारीच कुणी नसेल तर? आग्या मोहोळ उठलं, फुरसं चावलं, तरी प्रश्न तोच. सर्पदंशावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. प्रश्न तिथे किती वेळात पोचता याचा.

सव्वापाच दिवस

'१२७ अवर्स' नावाचा सिनेमा पाहिला असेल. २०१० साली आलेला, डॅनी बॉयलचा. संगीत आपल्या ए. आर. रहमानचं. तो ज्याच्यावर बेतलाय तो अॅरन राल्स्टन तुमच्याआमच्यातलाच. मेकॅनिकल इंजिनिअर, इंटेलमध्ये नोकरी, डोंगरांसाठी ती सोडलेली. वय २७. अंगात दम होता, अनुभव तर भरपूर होता. २६ एप्रिल २००३ ला, शनिवारी, तो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्लूजॉन कॅनियन या चिंचोळ्या घळीत एकटा उतरला. वरचा एक धोंडा निसटला आणि त्याचा उजवा हात धोंडा आणि भिंत यांच्यात चेमटला. धोंड्याचं वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १२७ तासांनी, म्हणजे पाच दिवसांहून जास्त वेळानंतर, त्याने स्वतःच्या हाताची हाडं मोडली, बोथट चाकूने हात कापला, एका हाताने दोर लावून कडा उतरला आणि चालत सुटला. लोकांना हा चाकूचा भाग लक्षात राहतो. मला मात्र त्याच्या आधीचं एक बारीकसं वाक्य जास्त हादरवून जातं. तो कुठे जातोय हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा. शनिवारी दुपारी तो अडकला. शनिवारी रात्री त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. रविवारीही नाही. तो कामावर आला नाही तेव्हा कुठे सहकाऱ्यांना शंका आली, मग घरी फोन गेला, मग आईने हालचाल केली आणि शोध सुरू झाला. त्या शोधातलं हेलिकॉप्टर त्याला मिळालं तोवर त्याने हात कापलेला होता. धोंडा त्याच्या चुकीने पडला नाही, तो कुणावरही पडला असता. पण निघताना कुणाजवळ तरी एका ओळीचा निरोप ठेवला असता तर हात कापण्याची वेळ येण्याआधी कुणीतरी घळीच्या तोंडाशी हाका मारत उभं राहण्याची शक्यता नक्की होती.

आणि हो, राल्स्टनने नंतर डोंगर सोडले नाहीत. कोलोराडोतली चौदा हजार फुटांवरची सगळी शिखरं भर हिवाळ्यात एकट्याने चढण्याचा प्रकल्प त्याने २००५ मध्ये पुरा केला. म्हणजे धडा 'एकट्याने जाऊ नका' हा नाहीच. धडा त्या न ठेवलेल्या निरोपाचा आहे.

आपला डोंगर पायऱ्यांचा

युटा राहू दे, आपल्या सह्याद्रीत या. वाट चुकली की काय करायचं, यावर पिक्चरमधून शिकलेलं एक उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. 'ओढा धरायचा आणि खाली जायचं. ओढा नदीला मिळतो, नदीकाठी गाव असतं.' ऐकायला एकदम लॉजिकल. सह्याद्रीत हा फंडा जीव घेऊ शकतो.

कारण आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांनी बनलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचत गेले, मग पावसाने कोरले. त्यामुळे त्याला उतार कमी आणि टप्पे जास्त. भूगोलात वाचलेला 'दख्खन ट्रॅप' आठवतोय? त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. तो स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला शब्द. आता विचार करा, पायऱ्यांवरून पाणी खाली कसं येतं? उडी मारून. पावसाळ्यात ज्याचे आपण फोटो काढतो तो धबधबा म्हणजे हाच ओढा, पायरीच्या कडेवरून उडी मारणारा. डिसेंबरात तो कोरडा असतो, म्हणून आपण बिनधास्त त्यातून उतरत जातो. एक कातळटप्पा बसून घसरत उतरतो, दुसरा झाडाच्या मुळीला लोंबकळून. आणि तिसऱ्याला कळतं की पुढे दीडशे फूट सरळ कडा आहे आणि मागचे दोन टप्पे परत चढता येत नाहीत. ट्रॅपचा मराठी अर्थ तिथे समजतो.

त्यात भर ढोरवाटांची. गावातली गुरं चरायला जाऊन जाऊन झकास मळलेल्या वाटा पडतात. आपल्या वाटेपेक्षा त्याच ठसठशीत दिसतात. पण गाईला गडावर जायचं नसतं, तिला गवत हवं असतं. गवत संपलं की वाट संपली. पावसाळ्यानंतर कारवी डोक्याएवढी वाढली असेल तर मागे वळून बघितल्यावर आपण कुठून आलो तेही कळत नाही.

मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या परिसरात, म्हणजे ज्याला आपण ड्यूक्स नोज म्हणतो तिथे, बाहेरच्या राज्यातून आलेला एक तरुण एकटाच गेला आणि परतताना वाट चुकला. त्याने घरच्यांना फोन करून तसं कळवलं. मग फोन बंद झाला. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र संस्था, एनडीआरएफ, इतर पथकं, सगळे जंगल पिंजत होते. चार दिवसांनी तो दरीत सापडला. जिवंत नाही. ही जागा काही दुर्गम हिमालयात नाही. खाली एक्स्प्रेस वे आहे, रेल्वे आहे, पलीकडे लोणावळ्याचं मार्केट. तरीही चार दिवस लागले, कारण जंगलात 'इथेच कुठेतरी' म्हणजे फार मोठी जागा असते.

म्हणून वाट चुकली की पहिली गोष्ट, बसा. खरंच, खाली बसा. पाणी प्या, बिस्किट खा, दहा मिनिटं जाऊ द्या. शेवटची ओळखीची खूण आठवत असेल तर आलात त्याच वाटेने तिथपर्यंत मागे जा. ती आठवत नसेल किंवा अंधार पडत असेल तर मोकळ्या, सुरक्षित जागी थांबा. शोधणाऱ्यांना थांबलेला माणूस सापडतो, फिरणारा माणूस चकवत राहतो.

'अरे, मोबाइल आहे ना!'

आहे. पण दरीत नेटवर्क नसलं की मोबाइल ते सारखं शोधत बसतो आणि त्यातच बॅटरी संपते. त्यात सकाळपासून पन्नास फोटो आणि दहा रील्स काढलेले असतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असेल तर जीपीएस नेटवर्कशिवायही चालतं. रेंजचा एखादा दांडा आला तर कॉल लागायची वाट न बघता साधा एसएमएस टाका, तो पटकन जातो. ११२ हा नंबर दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तरी लागू शकतो, त्यामुळे आपली रेंज नसली तरी एकदा लावून बघा. 'लाइव्ह लोकेशन शेअर केलंय की' म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा की रेंज गेली की ते लोकेशन जिथे गेली तिथेच गोठतं. परदेशातले ट्रेकर उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र वापरतात. आपल्याकडे सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे, तेव्हा दुबईहून मागवायच्या भानगडीत पडू नका.

मग करायचं काय? उत्तर फार जुनं आहे आणि फुकट आहे. निरोप ठेवून जायचं.

साहेबांचा कागद

आमच्या टीममध्ये एक जण आहे, आम्ही त्याला 'साहेब' म्हणतो. एकटा फिरणारा, कमी बोलणारा. मी त्याची 'कागदवाली' आणि तो माझा 'कागदवाला'. म्हणजे दोघांपैकी जो डोंगरात जातो तो आदल्या रात्री दुसऱ्याला एक मेसेज पाठवतो. कागद म्हणायचं ते सवयीने, पूर्वी खरंच कागद असायचा.

गेल्या हिवाळ्यात साहेब सुधागडला गेले. पालीजवळचा किल्ला. मेसेज असा होता: 'पाच्छापूरच्या ठाकूरवाडीतून वर, महादरवाज्याने धोंडशाला खाली. एकटाच. निळी सॅक, पिवळा टी-शर्ट. ठाकूरवाडीत चहा घेईन त्या घराचा नंबर सकाळी पाठवतो. चारपर्यंत खाली. सहापर्यंत फोन आला नाही तर त्या घरी फोन कर. आठपर्यंत पत्ता नाही लागला तर ११२ आणि रेस्क्यूवाले.'

सकाळी आठला चहावाल्या मामांचा नंबर आला. चार वाजले, पाच वाजले, पावणेसहा. फोन स्विच्ड ऑफ. मी घरी इस्त्री करत होते, आणि खरं सांगते, ती शेवटची पंधरा मिनिटं फार विचित्र असतात. डोक्यात सगळं येतं. एसटी चुकली असेल. बॅटरी गेली असेल. उगाच कशाला गाव गोळा करायचं? तो आरामात पालीत मिसळ खात असला तर उद्या ऑफिसात किती हसतील! अजून अर्धा तास थांबू या का?

पण मेसेजमध्ये सहा लिहिलं होतं. सहा म्हणजे सहा. फोन लावला.

मामा शांत होते. "ताई, घाबरू नका. पोरगा सकाळी वर गेला ते मी बघितलंय. आमच्याकडनं खाली नाही आला." मी म्हटलं, "मामा, तो धोंडशाला उतरणार होता." पलीकडे दोन सेकंद शांतता. "मग सोपं झालं. धोंडशाला माझी बहीण दिलीय. भाच्याला धाडतो."

रात्री साडेनऊला फोन आला. महादरवाज्याच्या बऱ्याच खाली, जंगलातल्या वाटेवर, घोटा धरून बसलेले साहेब सापडले. फोन दगडावर आपटून गेलेला. शिट्टी वाजवत होते म्हणून लगेच सापडले. दोघा पोरांनी आधार देत खाली आणलं, भाकरी खायला घातली.

यात काही थ्रिल नाही, सिनेमा निघणार नाही. मला तेच आवडतं. कारण उलटं करून बघा. तो मेसेज नसता तर रविवारची रात्र गेली असती, सोमवारी अकराला कुणीतरी विचारलं असतं, 'साहेब आले नाहीत का आज?' कुणीतरी म्हटलं असतं, 'दांडी मारली असेल.' आणि शोध सुरू झाला असताच तर तो ठाकूरवाडीच्या बाजूने, डोंगराच्या चुकीच्या अंगाला. एका शब्दाने, 'धोंडसे', सगळा फरक पडला.

तुमचा कागदवाला कोण?

कागदात काय हवं ते वर आलंच: चढायची आणि उतरायची वाट, गाव, तिथला एक फोन नंबर, कपड्यांचा आणि सॅकचा रंग, परतायची वेळ, आणि 'नाही आलो तर' ची वेळ. या दोन वेळा वेगळ्या ठेवा. पहिली चुकणारच, आपली एसटी आहे. दुसरी मात्र दगडावरची रेघ. ऐनवेळी वाट बदललीत तर रेंज असेल तिथून आधी कळवा. कळवता येत नसेल तर बदलू नका. समोर कितीही भारी सुळका खुणावत असो.

माणूस निवडतानाही जरा डोकं लावा. आई नको, ती दुपारी बारालाच सुरू होईल. फोन सायलेंटवर टाकून सिनेमाला जाणारा मित्र नको. 'येईल गं, काही होत नाही त्याला' म्हणणारी रूममेट तर अजिबात नको. लाज न बाळगता ठरल्या मिनिटाला फोन फिरवणारा माणूस हवा. त्याच्याकडे रेस्क्यूवाल्यांचा नंबरही देऊन ठेवा. महाराष्ट्रात गिर्यारोहकांनी मिळून रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर उभं केलंय. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र आहेत, खोपोलीत यशवंती हायकर्स, महाबळेश्वरला महाबळेश्वर ट्रेकर्स. ही सगळी आपल्यासारखी कामंधंदे करणारी माणसं, रात्री-अपरात्री स्वतःचं ताट बाजूला सारून दोर घेऊन दरीत उतरणारी. त्यांना कमीत कमी जंगल पिंजावं लागेल एवढं तरी आपण करू शकतो. आणि तुम्ही सुखरूप असताना चुकून त्यांना फोन गेलाच, तर चिडू नका. कागदवाल्याला वडापाव खिलवा आणि थँक्यू म्हणा.

सॅकमध्ये काय, ते थोडक्यात: तीन-चार लिटर पाणी, डोक्याला लावायचा टॉर्च (दुपारीच परतणार असलात तरी), पॉवर बँक, क्रेप बँडेज, एक जादा जेवण, पातळ जाकीट. परफ्यूम घरी, मोहोळाला तो आवडत नाही. आणि गळ्यात दहा-वीस रुपयांची शिट्टी. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. मिनिटभरात सहा वेळा फुंकायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरात जाणारे जगभर हा इशारा ओळखतात.

काही ठिकाणी मात्र कागद असला तरी एकट्याने नको. भर पावसात ओढे ओलांडायच्या वाटा, नळीच्या वाटेसारखे दोर लागणारे प्रकार, आणि जिथे पहिल्यांदाच जाताय असं घनदाट जंगल. तिथे गावातला वाटाड्या घ्या. चार पैसे त्याच्या घरात जातील आणि गप्पांमधून जो डोंगर कळेल तो कुठल्याच अॅपवर नाही. तरीही तुमचा एकटेपणा शाबूत राहील, कारण गावातला माणूस उगाच बडबडत नाही. अंताक्षरी तर नाहीच नाही.

एकट्याने चालण्यात जी मजा आहे ती मी सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येणं ही आठवड्यातली सर्वात महागडी चैन आहे. पण एकटं असणं वेगळं आणि कुणालाच पत्ता नसणं वेगळं. या शनिवारी निघताय? मग सॅक भरण्याआधी एक मेसेज टाइप करा. शेवटची ओळ मी सुरू करून देते, पुढची तुमची तुम्ही भरा आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याला पाठवा.

'सहापर्यंत फोन आला नाही तर...'